पिवळे बटण

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. कागदाच्या घड्या पोटात घेणारी ती मोठी पेटी मी नव्हे. अमेरिकेच्या राजधानीत, प्रतिनिधिगृहात, एका खुर्चीच्या पाठीवर मला बसवले आहे. मागे बसलेला सदस्य माझ्या फटीत आपले कार्ड घालतो आणि बटण दाबतो. हिरवे म्हणजे होय, लाल म्हणजे नाही. तिसरे बटण पिवळे. त्याचा अर्थ, मी इथे हजर आहे, पण माझे मत विचारू नका.

बटण दाबले की समोरच्या उंच भिंतीवर त्या सदस्याच्या नावापुढे त्याच रंगाचा दिवा लागतो. तो सगळ्यांना दिसतो. पत्रकारांना दिसला की क्षणात देशाला कळतो. माझ्या भीतीचे मूळ ती भिंत आहे.

माझ्या जन्माआधी इथला कारकून एकेकाचे नाव पुकारून मत विचारत असे, आणि तेवढ्यात लोकांची जेवणाची वेळ टळून जात असे. मग एका छोट्या कारखान्यात, चष्मा नाकावर घसरलेल्या एका बाईने माझ्या तारा जोडल्या. जोडताना ती पुटपुटत होती, "चुकू नकोस गं बाई, चुकू नकोस." ते ती स्वतःला म्हणत होती की मला, हे मला कळले नाही. पण चुकण्याची धास्ती तेव्हा जी अंगात बसली ती बसलीच.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. सदस्य आपल्या नातवंडांना मांडीवर घेऊन मला दाखवत. पुढे सवय झाली. रस्ते, धरणे, टपाल कार्यालयांची नावे, युद्धेसुद्धा माझ्यातून पार पडली. कोणी माझ्याखाली च्युइंगम चिकटवले, ते अजून आहे. मत दिल्यावर पुष्कळजण कार्ड पुन्हा घालून पाहतात, तेव्हा दाबलेले बटण उजळते. त्यांचा माझ्यावर विश्वास नसतो असे नाही, आपल्याच बोटावर नसतो. पिवळे बटण मात्र इतके क्वचित दाबले जाई की ते घट्ट होऊन बसले होते.

मग तो जानेवारी आला.

अध्यक्ष निवडणूक हरले होते. हरताहेत हे दिसताच त्यांनी एका गावातल्या मतमोजणीवर सैनिक पाठवले आणि मतपत्रिका उचलून न्यायला सांगितले. त्या धक्काबुक्कीत मोजणीला बसलेली एक म्हातारी पडली आणि वारली. न्यायालयाने मतपत्रिका परत आणवल्या, मोजणी पुरी झाली, अध्यक्षांची हार कायम राहिली. आता त्यांची मुदत संपायला जेमतेम आठवडा उरला होता, आणि त्यांच्यावर महाभियोग चालवावा का, हे आमच्या सभागृहाला ठरवायचे होते; होय म्हटले तर खटला दुसऱ्या सभागृहात चालणार होता.

इथे कोणाची जागा ठरलेली नसते. पण लोरेटा ब्रँडवोल्ड नेहमी माझ्याच मागे बसायची. उत्तरेच्या सपाट मुलखातली, साठी ओलांडलेली बाई. राजकारणात येण्याआधी ती शाळेची बस चालवत असे. ती अध्यक्षांच्याच पक्षाची होती आणि तिच्या भागाने अध्यक्षांना भरभरून मते दिली होती. तिच्या शेजारी डेल पकेट बसायचा, त्याच पक्षाचा, दक्षिणेतला. सभागृहात खायला बंदी असूनही खिशातून शेंगदाणे काढून खाणारा.

"लोरेटा, झोपलेली दिसत नाहीस."

"तू झोपलास?"

"मी? घोरत होतो. बायकोला विचार." मग त्याने आवाज खाली आणला. "अगं, पाहुणा निघालाय. बूट घालून दारात उभाय. आता त्याला धक्के मारून काय मिळवायचंय?"

"जाता जाता त्यानं घराला काडी लावली, डेल."

"लावली ना. पण कोर्टानं विझवली."

"ती म्हातारी परत आली का?"

डेल खिशातले शेंगदाणे चाचपू लागला.

"आणि दोषी ठरला तर पुन्हा निवडणुकीला उभं राहण्यापासून अडवता येईल त्याला," लोरेटा म्हणाली. "नाहीतर चार वर्षांनी हाच पाहुणा परत दारात."

"तो जाईल गं. त्याची माणसं कुठं जाणारेत? ती तुझ्या गावात राहतात, माझ्या गावात राहतात. रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसतात ती."

हे बोलणे खोटे नव्हते. बोलता बोलता तो पुढे वाकला आणि त्याची छाती माझ्यावर टेकली. कोटाखाली काहीतरी कडक लागले. ते गोळी अडवणारे जाकीट होते. सगळ्यांना हसवणारा डेल असे जाकीट घालून आला होता.

तेवढ्यात लोरेटाचा फोन थरथरला. तिने तो माझ्यावर टेकवून कानाशी धरला, म्हणून पलीकडची तिची मुलगी कारिन मलाही ऐकू आली.

"आई, ती निळी गाडी अजून घरासमोरच उभी आहे. आतली माणसं दाराकडे टक लावून बसलीत."

"पोलिसांना सांगितलंस?"

"येऊन गेले. म्हणाले, रस्त्यावर गाडी उभी करणं काही गुन्हा नाही. मुलांना तळघरात खेळायला बसवलंय मी. आई, तू काय करणारेस?"

"तू सांग, काय करू?"

"मी नाही सांगणार. म्हणजे उद्या म्हणायला मोकळी, कारिनमुळे केलं."

फोन बंद झाला आणि मतदानाची घंटा वाजली. भिंतीवर नावे उजळू लागली. डेलने कार्ड घातले, झटकन लाल दाबले आणि हात खिशात घातला. मतदानाची शेवटची काही मिनिटे उरली तेव्हा कुठे लोरेटाचे बोट हिरव्या बटणावर आले. ते घामाने ओले होते. मग ते सरकले आणि तिने पिवळे दाबले. बटण हलेना. तिने अंगठ्याने जोर दिला, तेव्हा ते आत गेले.

मी मनात म्हटले, सुटले गं बाई! खोटे कशाला सांगू? भित्र्याला भित्र्याची सोबत बरी वाटते.

"शहाणी आहेस," डेल म्हणाला.

लोरेटा भिंतीकडे बघत राहिली. तिच्या नावापुढे पिवळा दिवा होता. "डेल," ती हळूच म्हणाली, "मी बस चालवायचे ना, तेव्हा एक दांडगा पोरगा होता. धाकट्यांना बडवायचा, नेमका त्याचा थांबा यायच्या आधी. मी आरशात बघायचे आणि म्हणायचे, जाऊ दे, आता उतरतोच आहे."

"मग?"

"मग काय? रोज उतरायच्या आधीच बडवायचा."

तिने कार्ड पुन्हा माझ्यात घातले आणि हिरवे दाबले. पण मित्रांनो, इथला एक नियम तुम्हाला सांगायला हवा. मतदानाच्या शेवटच्या मिनिटांत दिलेले मत माझ्याकडून बदलता येत नाही. ज्याला बदलायचे असेल त्याने उठून सभापतींसमोरच्या मोकळ्या जागेत जायचे, तिथले रंगीत कार्ड सही करून द्यायचे, आणि कारकून त्याचे नाव सगळ्यांदेखत पुकारणार. लोरेटाने दोनदा दाबले. मी काहीच करू शकले नाही.

"बस खाली," डेल तिची बाही ओढत म्हणाला. "लोरेटा, नातवंडं आहेत तुला."

"त्यांचाच विचार करतेय रे. सोड."

ती चालत गेली. सहीसाठी दिलेले पेन तिच्या हातून पडले, ते तिला वाकून उचलावे लागले. कारकुनाने पुकारले, "श्रीमती ब्रँडवोल्ड, 'हजर'वरून 'होय'!" मागून कोणीतरी म्हणाले, "गद्दार." भिंतीवरचा पिवळा दिवा विझला आणि हिरवा लागला. ती परतली आणि कार्ड माझ्यात घालून बघू लागली. हिरवे उजळले. तिची भीती गेली नव्हती. ती घाबरतच गेली होती आणि घाबरतच परत आली होती.

ठराव संमत झाला. लोक उठू लागले. लोरेटाने डेलकडे पाहिले आणि नेहमीच्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला. "खाली घेवड्याचं सूप प्यायला येतोस?"

डेलने दाराशी उभ्या असलेल्या पत्रकारांकडे पाहिले. "येतो ना," तो म्हणाला. मग खाली मान घालून म्हणाला, "पण मी दोन टेबलं सोडून बसेन. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली, आणि एकटीच निघाली.

दुसऱ्या सभागृहात निकाल लागण्याआधीच अध्यक्षांची मुदत संपली. एवढे करून काय मिळाले, यावर लोक अजून भांडतात. मला त्यातले कळत नाही. पुढच्या निवडणुकीत लोरेटा हरली आणि तिचे नाव भिंतीवरून गेले. आता मीही म्हातारी झाले आहे, लवकरच मला काढतील. मला पुसा, जपा, असे मी सांगणार नाही. माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत कोणी असे लटपटत उठेल, खरे ते बोलेल आणि परत येऊन बसेल. तेव्हा मित्रांनो, तुम्हालाही भीती वाटेल. वाटू द्या. पण दोन टेबले सोडून बसू नका. त्याच्या शेजारी बसा.