कारभारींचा गुडघा

चढ संपायच्या आधीच वंदना थांबली. पाठीवरची सॅक न उतरवता ती वळली आणि खालून येणाऱ्या सासऱ्यांकडे बघत उभी राहिली. बाकीचा गट पुढच्या वळणाआड गेला होता. त्यांचं हसणं-बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

“सावकाश या मामा. घाई न्हाई.”

“आलो, आलो,” कारभारी म्हणाले आणि आणखीच सावकाश चालू लागले.

व्हिएतनामच्या उत्तरेकडचा हा डोंगराळ मुलूख. पाठीवर सामान घेऊन या गावातून त्या गावाला चालत जायचं, तिथल्याच कुणाच्या घरी मुक्काम करायचा, अशी ही सहल. पुण्याची निवेदिता गट घेऊन आली होती. साठी ओलांडलेले गटात कारभारी एकटेच. पण धावड्याच्या शिवारात मिरचीच्या सऱ्यांमधून दिवसभर हिंडणाऱ्या माणसाला असला चढ जड नव्हता. वंदना शाळेत शिकवणारी, तिला सवय नसणार, असं धरून तेच पाऊल आखडत होते.

अंगदला जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा गेल्यावर सून माहेरी जाईल असं गावानं धरलं होतं. ती गेली नाही. सकाळी भोकरदनची शाळा, संध्याकाळी सासूबरोबर चुलीपाशी. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तिनं या सहलीचा विषय काढला, तेव्हा तिनं स्वतःसाठी काही मागायची ती पहिलीच वेळ होती. सासूनं, चतुराबाईंनी, मोडता घातला नाही. “जायचं तर जा, पण एकटीनं न्हाई,” एवढंच त्या म्हणाल्या. मग कारभारींनी पासपोर्ट काढला आणि जन्मात पहिल्यांदा नाडीचे बूट घेतले.

दुपारी एका पत्र्याच्या टपरीपाशी सगळे टेकले. खाली डोंगरउतारभर पायऱ्यापायऱ्यांची भाताची खाचरं होती, पाण्यानं भरलेली, आणि बायका वाकून रोपं लावत होत्या. कारभारी टपरीमागच्या नळावर तोंड धुवायला गेले. पंच्यानं चेहरा पुसत परत येतात तो खालून आरडाओरडा ऐकू आला.

खाचराच्या बांधावरून कुणीतरी पळत होतं. बांध एका माणसापुरता, दोन्हीकडं पाणी. पळणारी सगळ्यांच्या पुढं होती, मागून येणाऱ्या गटातल्या पोरी “पडशील, पडशील” म्हणून ओरडत होत्या, आणि ती मान मागं टाकून हसत होती. ते हसणं कारभारींना आधी ओळखू आलं. वंदना मागाहून दिसली. अंगद असताना माडीवरून असं हसू खाली यायचं आणि चतुराबाई उगीच भांडी आपटायच्या.

पंचा हातात धरून ते तसेच उभे राहिले.

वंदनाची नजर वर गेली. सासरे दिसले. तिचा हात डोक्याकडं गेला, पण तिथं पदर नव्हता. मग तो हात सॅकच्या पट्ट्यावर आला. हसणं मिटवून ती सावकाश बांध चढून वर आली. त्यांच्या चालीनं.

“पाणी प्यालात का मामा?” तिनं विचारलं.

एवढ्यात निवेदितानं सगळ्यांना जवळ बोलावलं. इथून दोन वाटा होत्या. ज्यांना जमेल त्यांनी खिंड चढून वरच्या वस्तीवर मुक्कामाला जायचं, बाकीच्यांनी गाडीनं खालच्या गावात. परवा सगळे खालीच भेटणार.

“आम्ही गाडीनं येतो,” वंदना लगेच म्हणाली.

कारभारी बाकावर बसले. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “मी येतो गाडीनं. माझा गुडघा धरलाय. ही वर जाईल.”

“मंग मी पण थांबते.”

“तू थांबून गुडघा बरा होतो का?”

वंदना त्यांच्यासमोर खाली बसली. “कुठं दुखतंय?” असं म्हणत तिनं वाटीपाशी अंगठा दाबला. मग आणखी जोरात दाबला.

“लई दुखून राह्यलं,” कारभारी म्हणाले. म्हणायला त्यांना जरा उशीर झाला होता.

वंदनानं वर त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत डोळे घालणं त्यांना जमेना. ते आवाज चढवून म्हणाले, “इथं आल्यापासून पाठ सोडली न्हाई माझी. मला जरा एकट्याला बसू दे की! जा, जल्दी जा. निघाले ते लोक.”

ती उठली. त्यांच्या सॅकचा सुटलेला बंद तिनं घट्ट केला, आणि गेली. पहिल्यांदा हळू. वळणावर थांबून तिनं मागं पाहिलं, तेव्हा कारभारी दोन्ही हातांनी गुडघा धरून बसले होते. ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी हात काढले नाहीत. मग ते उठले, सॅक खांद्याला मारली आणि गाडीकडं तरातरा चालत गेले.

संध्याकाळी खालच्या गावात, मुक्कामाच्या घराच्या ओट्यावर बसून त्यांनी घरी फोन लावला. पलीकडं शेळ्या ओरडत होत्या.

“वंदनाला द्या की फोन,” चतुराबाई म्हणाल्या.

“ती न्हाई इथं. वरच्या वस्तीवर गेली. परवा येईल.”

“कोनासंग?”

“गटासंग. मी खालीच राह्यलो.”

“आन् मंग तुम्ही कशाला गेल्ते एवढ्या लांब?”

कारभारींनी डोंगराकडं पाहिलं. खिंड धुक्यात गेली होती.

“तिला सोडायला,” ते म्हणाले.

चतुराबाईंनी शेळ्यांना दरडावून गप्प केलं.

“थंडी आसंल की वर,” त्या म्हणाल्या. “स्वेटर नेलंय का तिनं?”