सॅकच्या कडेवरचा भाता

मी एक भाता आहे. बाण ठेवायचा, कातड्याचा, सॅकच्या उजव्या अंगाला दोन पट्ट्यांनी बांधलेला. चित्रांतल्या योद्ध्यांच्या पाठीवर ऐटीत मिरवतो, तो माझा कुणी मोठा भाऊ असेल. मला मिरवणं जमत नाही. माझे टाके वाकडे आहेत, तळ जरा फुगीर आहे आणि स्वभाव धास्तावलेला. शिवणारीचा गुण उतरला, दुसरं काय.

मला मारिटने शिवलं. त्या वर्षी ती गरोदर होती. इकडे अमेरिकेत, माँटानाच्या डोंगरांत, सप्टेंबर लागला की अर्धं गाव धनुष्य घेऊन एल्कच्या, म्हणजे इथल्या थोराड सांबराच्या, मागावर रानात शिरतं. मारिटला मात्र पोट आडवं येत होतं. दोरी सोडली तर पोटाला लागेल या भीतीने तिने धनुष्य भिंतीला टांगलं, सासऱ्यांकडून एल्कचं कमावलेलं कातडं मागून आणलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली. एक टाका घालायचा, बाळंतपणाच्या पुस्तकाचं एक पान वाचायचं, घाबरायचं, पुन्हा टाका. काही ठिकाणी मी दुहेरी शिवलेला आहे. त्या पानांवर काहीतरी भयंकर असणार.

सासऱ्यांनी, म्हणजे ऑरिननी, मला हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "हा भाता आहे की कुणा राक्षसाचा मोजा?"

मारिट हसली, पण त्या रात्री तिने माझा तळ उसवून परत शिवला. तो अजूनही फुगीरच आहे.

पेट्रा जन्मली, आणि मी बरेच महिने कोटांच्या खुंटीवर लोंबकळत राहिलो. वसंतात मारिटने मला खाली काढलं तेव्हा खरी अडचण समोर आली. एल्कच्या शिकारीला जायचं तर पाठीवर सॅक हवीच. पाणी, सुऱ्या, दोर, मांसाच्या पिशव्या, आणि नशिबाने साथ दिली तर परतीला खुद्द मांस. मग मी कुठे राहायचं? तिने मला खांद्यावरून तिरका टांगला, तर सॅकचा पट्टा मला बगलेत ढकलायचा. कमरेला बांधला, तर प्रत्येक पडलेली फांदी मला हात धरून थांबवायची. वाकली की बाण घरंगळून बाहेर.

"पाठ एक आहे पोरी, आणि भाडेकरू दोन," ऑरिन म्हणाले.

शेवटी तिने मला सॅकच्याच कडेवर दिलं. बाणांची टोकं खाली स्पंजात रुतलेली, पिसं वर, तिच्या उजव्या कानामागे. पिसं भिजू नयेत म्हणून ऑरिनच्या जुन्या कोटाच्या बाहीची टोपी. मग अंगणात सराव सुरू झाला. पेट्राला टोपलीत बसवायचं, हात मागे न्यायचा, न बघता बाण काढायचा. बाण निघाला की पेट्रा खिदळायची. हळूहळू मारिटच्या हाताला माझी जागा पाठ झाली. जिला गॅस बंद केलाय की नाही हे उठून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, तिने न बघता माझ्यावर विश्वास टाकला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

सप्टेंबर आला. त्या घरात मांस म्हणजे एल्कचंच, आणि आदल्या वर्षी शिकार न झाल्यामुळे फ्रीजरमध्ये मटार आणि बर्फ एवढंच उरलं होतं. मारिटचा नवरा ग्रँट लाकडाच्या गिरणीत कामाला जातो. त्याला शिकारीचं अंग नाही. जायचं तर तिलाच. पण पेट्रा बाटलीला तोंड लावत नव्हती. मारिटने जाण्याबद्दल नवऱ्याला विचारलं, शेजारणीला विचारलं, डॉक्टरला विचारलं. सगळे जा म्हणाले. मग तिला वाटलं, इतके सगळे जा म्हणतात म्हणजे नक्की काहीतरी चुकतंय.

"जा बाई," ग्रँट म्हणाला. "आम्ही बापलेक संध्याकाळपर्यंत जिवंत राहू."

ती ऑरिनबरोबर निघाली. ऑरिन आता धनुष्य उचलत नाहीत, पण नराला भुलवायला एल्कच्या मादीची हाक काढावी ती त्यांनीच. सकाळी पहिल्या उन्हाबरोबर वरच्या कड्यावरून नराने उत्तर दिलं. लांबलचक, शिटीसारखं, शेवटी घोगरं होत गेलेलं. रिवाज असा, की हाक देणारा मागे बसतो आणि बाण मारणारा दबकत पुढे जातो. ऑरिननी खूण केली: सॅक उतरव, झाडीत घासतेय. मारिटने सॅक एका लार्चच्या बुंध्याला टेकवली, दोरीला एक बाण लावला आणि वाकून पुढे सरकली.

मी सॅकला बांधलेला. मी मागेच राहिलो.

ते कळायला मला एक क्षण लागला. ऑरिन शेजारी बसून हाका घालत होते आणि माझ्यातले उरलेले बाण उभेच होते. मग पुढून दोरीचा आवाज आला, आणि नंतर काहीच नाही. ती शांतता मला अजून आठवते.

थोड्या वेळाने मारिट परत आली. चेहरा कागदासारखा. बाण लागला होता, पण थोडा मागे. एल्क पळाला नव्हता. तो तिथेच आडवा उभा राहून इकडे तिकडे बघत होता, आणि तिचा हात सवयीने कानामागे गेला होता. मुठीत आली ती हवा, आणि एल्क चालत झाडीत दिसेनासा झाला.

"दुसरा बाण मारता आला असता," ती म्हणाली. "तिथल्या तिथे संपलं असतं. तो माझ्यासाठी थांबला होता ऑरिन, आणि माझ्याकडे बाण नव्हता." एवढं बोलून ती माझ्याकडे धावली. तिला लगेच मागावर जायचं होतं.

ऑरिननी सॅकचा पट्टा धरून ठेवला. पुढे जाऊन त्यांनी आरपार जाऊन पडलेला बाण पाहिला, रक्त बोटांवर चोळलं. काळसर होतं. यकृतात लागलाय, ते म्हणाले. तो जगणार नाही, पण आत्ता मागे लागलो तर उठून धावेल, दरीत उतरेल आणि मग कुणाच्याच हाती लागणार नाही. त्याला निवांत पडू द्यायचं. दुपारपर्यंत बसायचं.

"आणि सॅक उतरव म्हणून मीच सांगितलं होतं. माझा धाकटा भाऊ तर एकदा धनुष्यच झाडाला टांगून पुढे गेला होता. वर त्या एल्कला थांब म्हणाला."

मारिट हसली नाही. ती बसली. ऊन चढू लागलं. सप्टेंबरचं ऊन इथे फसवं असतं. अंधार पडायच्या आत एल्क सापडला नाही तर मांस नासणार, आणि एक जीव फुकट जाणार. तिचा शर्ट दुधाने ओला झाला होता. ती माझ्या पट्टीचं बक्कल उघडत होती, लावत होती, उघडत होती.

"मी इथे एका जनावराच्या मरणाची वाट बघत बसलेय," ती म्हणाली, "आणि तिकडे माझी पोर उपाशी आहे. कुठल्या आईला हे सुचतं?"

ऑरिननी वर बोट दाखवलं. कड्यावर फोन लागतो, तिथवर तिला पाठवलं. या खेपेला ती सॅक आणि मला घेऊन गेली, त्यामुळे ग्रँटचं बोलणं मीही ऐकलं. पेट्राने भोपळा खाल्ला होता आणि दूध प्यायली होती. बाटलीतून नाही, त्याच्या कॉफीच्या कपातून. नाही, कॉफी नव्हती त्यात. आता झोपली होती.

मारिटने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "म्हणजे तिला माझी आठवण नाही आली?"

"आली ना. रडली. मग जेवून झोपली."

तिने फोन ठेवला, डोळे पुसले आणि नाक शिंकरलं. परत येताना तिची पावलं हलकी पडत होती, हे मला पाठीवरून कळलं. थोडी रुसलेलीही होती ती, पण ते असो.

दुपारी आम्ही मागावर निघालो. ऑरिन म्हणाले, सॅक इथेच ठेव, हलकी जा. मारिट नाही म्हणाली. पानावर एक थेंब, ओंडक्यावर एक पुसट रेघ, मग खडकाळ उतार आणि तिथे सगळं संपलं. ऑरिन गोल फिरून आले. गुडघा धरून बसले. सूर्य समोरच्या डोंगराकडे कलला होता.

मारिट उभी राहून दरीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "मला कळा सुरू झाल्या तेव्हा भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात पडावंसं वाटत होतं. गार जागी. कुणी बघू नये असं." तिने खाली ओढ्याजवळच्या दाट अल्डरच्या जाळीकडे बोट दाखवलं. तेवढी एकच जागा तशी होती.

जाळीच्या तोंडाशी तिचा हात कानामागे आला. मी बाण दिला. ती आत शिरली, मी तिच्या पाठीवर, पिसांना पानं घासत.

तो तिथे होता. पाय पोटाशी घेऊन, तोंड ओढ्याच्या काठाकडे करून, केव्हाच गेलेला. तिने धनुष्याच्या टोकाने त्याच्या डोळ्याला हलकेच स्पर्श केला. पापणी हलली नाही. बाण तिने परत माझ्यात ठेवला.

ऑरिननी टोपी काढली. मारिटने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. ती काय पुटपुटली ते नीट ऐकू आलं नाही, पण क्षमा आणि आभार दोन्ही होते. मीही मनात आभार मानले. मीही एके काळी या रानात चरलो आहे. मला सोडून न देणाऱ्या कुणाच्या तरी हाती लागलो, म्हणून तर आज बाण सांभाळतो आहे. त्यालाही कुणी कावळ्यांवर सोडलं नाही.

त्या रात्री पहिलं ओझं खाली उतरलं, बाकीचं ग्रँटच्या भावाने सकाळी आणलं. मांसाच्या गरम भाराखाली मी पार चेपून गेलो होतो, आणि इतका आनंदात कधीच नव्हतो.

सध्या मी ओसरीतल्या खुर्चीवर आहे. तळाशी एक डाग राहिलाय. मारिटने तो दोनदा पुसला आणि मग सोडून दिला. आता ती मला नवी पट्टी लावतेय. एका हाताने ओढली की मी सॅकपासून सुटेन आणि तिच्या कमरेला लागेन. सॅक उतरली तरी मी तिच्याबरोबर पुढे जाईन. तुम्हीही आपापली ओझी खुशाल उतरवा. ती उतरवावीच लागतात. फक्त उतरवण्याआधी त्यांना काय बांधलंय ते एकदा हाताने चाचपून बघा, एवढीच या फुगीर तळाच्या भात्याची विनंती.

टाका अर्ध्यावर आहे. आत पेट्रा उठली, म्हणून मारिट सुई माझ्यातच खोचून गेलीय. जाऊ दे. मला घाई नाही.