क्रम सोडून आलेली संख्या

बाईंनी कात्री चालवली आणि वर्तमानपत्राच्या जुन्या पानाची शेवटची पट्टी सुटून टेबलावर पडली. पानभर नुसते चारअंकी आकडे, उभ्या रांगांत. सकाळच्या घाईत लेकीच्या जुन्या कपाटातून त्यांनी हे पान ओढून काढलं होतं, फळीवर आकड्यांची बाजू खाली करून अंथरलेलं. मथळा कधीच फाटून गेला होता. पण बाईंना मथळ्याशी काय करायचंय? संख्यांचा धडा चालू होता आणि आयते आकडे मिळाले होते.

दर बाकाला एक पट्टी दिली. आधी हजाराचं घर बघायचं, ते सारखं असेल तरच शतकाकडे जायचं, मग दशक, मग एकक. चढत्या क्रमात न बसणारी संख्या दिसली तर तिच्याभोवती गोल करायचा. आता छापील यादीत अशी संख्या कुठून सापडायला? पण शेजाऱ्याचं बघून गोल मारणारी पोरं हमखास पकडायची, ही बाईंची जुनी खोडी. त्या मनातल्या मनात हसत बाकांमधून फिरू लागल्या.

पहिल्या बाकावरची चिमणी उठून उभी राहिली. दिवसभर चिवचिव करते म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत, बाईसुद्धा.

"बाई, आमच्या पट्टीवर गोल आधीच केलेला आहे."

"तूच केला असशील."

"नाही हो. माझी पेन्सिल काळी आहे, हा निळा आहे. आणि बरोबर आहे तो. सात हजार नऊशे दोननंतर चार हजार तीनशे अठरा कसे येतील?"

वर्ग खिदळला. बाईही हसल्या, पण ते हसू ओठांवरच राहिलं. आकडा कानांतून आत जायला जरा वेळ लागला.

त्यांनी पट्टी घेतली. अगदी तळाला बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'उशिरा जाहीर झालेले निकाल'. तिच्याखाली तीनच आकडे, त्यातला पहिला ४३१८. भोवती बॉलपेनचा फिकट गोल.

चार हजारांची पट्टी तिसऱ्या बाकावर होती; बाई तडक तिकडे गेल्या आणि तिथल्या पोरांच्या हातातून पट्टी जवळजवळ हिसकावूनच घेतली. ४३०९, आणि लगेच ४३२२. ही फट त्यांच्या ओळखीची होती. अकरा वर्षांपूर्वी त्यांचं बोट याच फटीवर थांबलं होतं.

लेकीला नर्स व्हायचं होतं. लहानपणापासून तिचा दुसरा ध्यास नव्हता. नर्सिंगच्या प्रवेशाची निवडयादी आली त्या सकाळी स्वतः बघायचा धीर होईना म्हणून तिनं पेपर आईपुढे धरला. बाईंनी डोळ्यांत तेल घालून बघितलं आणि मान हलवली. पुन्हा एकदा बघ ना, खालीपर्यंत बघ, लेक म्हणाली होती. त्यावर बाईंनी पेपराची घडी घातली होती. संख्या चढत्या क्रमानं असतात, तुझी असती तर इथंच असती, असं त्या ठामपणे म्हणाल्या होत्या. लेकीनं पुढे वाद घातला नाही. आकड्यांत आई चुकेल असं त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. आता ती एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीशी बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना नर्सेसकडे जायची वाट दाखवते.

मधल्या सुट्टीत बाईंनी जिन्याखाली उभं राहून फोन लावला.

"अगं, तुझा नंबर," त्या म्हणाल्या. "यादीच्या तळाशी होता."

पलीकडे कुणीतरी खिडकीत काही विचारत होतं. लेकीनं त्यांना जरा थांबायला सांगितलं.

"सापडला तुला?" ती म्हणाली.

बाईंना वाटलं होतं ती रडेल, चिडेल, निदान गप्प तरी होईल. तिच्या आवाजात यातलं काहीच नव्हतं.

"तो गोल तू केलास?"

"हो. तीन महिन्यांनी कपाट आवरताना नंबर दिसला. तोवर हजर व्हायची मुदत उलटून गेली होती."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून तेच शिकवायचं होतं ना, आई."

घंटा झाली. लेकीनं रात्री बोलू म्हणून फोन ठेवला; तिच्या खिडकीशी रांग वाढली होती. बाई जिना चढू लागल्या. अकरा वर्षं पोरीनं हे एकटीनं पोटात ठेवलं, आणि आपण तिला खुशाल म्हणत आलो की तू पुन्हा प्रयत्न करायला हवा होतास.

वर्गात चिमणी टेबलापाशीच थांबली होती. गोल बरोबर की चूक, हे कळल्याशिवाय ती जागेवर जाणार नव्हती.

"बरोबर," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी खडू घेतला. फळ्यावर सकाळचे नियम होते: हजार, शतक, दशक, एकक. त्यांच्या खाली त्यांनी आणखी एक लिहिला. अक्षर वाकडंतिकडं आलं, त्यांचं कधी येत नसे. 'यादी शेवटच्या आकड्यापर्यंत वाचावी.'

पोरांनी वह्या उघडल्या. चिमणीनं सगळ्यांच्या आधी लिहून वही मिटली.

"हा तर सोपाच आहे, बाई," ती म्हणाली.