बर्फावरचा लॅपटॉप

सत्यवतीने हाताचा पंजा लॅपटॉपच्या पाठीमागे धरला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अगो बाय! चुलीच्या तोंडाशी हात नेल्यासारखं लागतंय. ह्याच्यावर भाकरी शेकेल गो."

"आई, आता बंद पडेल बघा," मृणाली म्हणाली. तिचे डोळे पडद्यावर होते. तिथे एक बाई पाठीला तलवार बांधून डोंगर चढत होती. लॅपटॉपमधले पंखे एकदम जोरात घरघरले, बाई अर्ध्या चढावर थिजली आणि पडदा काळा झाला.

"गेली?"

"गेली."

"मग आता तिने परत पायथ्यापासून चढायचं?"

"हो ना."

"आणि मघापासून धावतेय बिचारी, तिला भूक-तहान नाय लागत काय गो?"

मृणालीला हसू आलं. सासूचे हे प्रश्न संपायचे नाहीत. आरे-वारेच्या किनाऱ्याअलीकडच्या त्या वाडीत सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं, की केतनची बायको दिवसभर खेळते आणि त्याचा तिला पगार मिळतो. सत्यवतीने मात्र खोदून खोदून विचारून घेतलं होतं. पुण्याची एक कंपनी गेम बनवते. ते बाजारात यायच्या आधी कुणीतरी खेळून त्यातल्या चुका शोधाव्या लागतात. मृणाली त्या चुका शोधते. आणि असले गेम साध्या लॅपटॉपला झेपत नाहीत, म्हणून हे पाट्यासारखं जड धूड, आणि त्याचा विटेएवढा चार्जर.

मासळी बाजारात सत्यवती हे सगळं ज्याला त्याला ऐकवायची. "मी पापलेटाचे कल्ले उघडून बघते ना, तशीच ती गेम उघडून बघते," असं सांगायची. कौतुक लपवणं तिला जमत नसे.

पण ह्या धुडाने आता तिच्या जिवाला घोर लावला होता. केतन मुंबईत नोकरीला, चार पोरांबरोबर एका खोलीत राहणारा. लग्न मे महिन्यात झालं आणि आठवड्याभरात तो परत गेला. तेव्हाच ठरलं होतं, की मृणालीचं काम घरूनच चालतं, तर तिने इथेच राहावं. आईलाही सोबत होईल. नवरा, गंगाराम, गेल्यापासून सत्यवती त्या घरात एकटी होती. आता ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला, लाईटचा दाब खाली-वर व्हायला लागला आणि लॅपटॉप मधेच बंद पडू लागला. तशात केतनच्या मित्राची, ऋत्विकची, मुंबईजवळच्या दिवा गावातली खोली रिकामी होत होती. केतन फोनवर म्हणाला होता, "तिकडे जमत नसेल तर खोली घेतो. दिवाळीला येईन तेव्हा तिला घेऊन जाईन. पण जमत असेल तर उगाच आईला एकटी कशाला टाकायची?"

म्हणजे हा डबा थंड राहिला तर पोरगी राहणार, आणि तापला तर जाणार. सत्यवतीला हिशेब साफ कळला. मग हार मानेल ती सत्यवती कसली!

तिने आधी लॅपटॉप पलंगावरून हलवला. पलंगावर चादर, चादरीखाली गादी, त्याला श्वास घ्यायला जागाच नव्हती. सुताराकडून दोन पट्ट्या आणल्या, टेबलावर ठेवल्या आणि त्यावर लॅपटॉप चढवला. खालून वारा लागायला लागला. मग लाईटची पाळी. पडवीतला तिचा मोठा फ्रीजर चालू झाला की घरातले दिवे मिणमिणायचे आणि चार्जर गचके खायचा.

"आई, व्होल्टेज पडलं की हा बॅटरीवर जातो. बॅटरीवर गेला की गेम रांगायला लागतो," मृणालीने समजावलं होतं. ती अलोऱ्याच्या कॉलनीत वाढलेली. तिचे वडील कोयना प्रकल्पात होते, त्यामुळे विजेच्या गोष्टी तिच्या तोंडी सहज येत.

सत्यवतीने वायरमन विनीतला बोलावून फ्रीजरची लाईन मीटरपासून वेगळी काढून घेतली.

"काकी, एवढा खटाटोप खेळण्यासाठी?" विनीतने शिडीवरून विचारलं.

"तुझं तोंड बंद ठेव आणि स्क्रू आवळ. खेळणं नाय ते, तिची नोकरी हाय."

त्या संध्याकाळी दिवे मिणमिणले नाहीत. लॅपटॉप छान चालला, तलवारवाली बाई डोंगरावर पोचली आणि सत्यवतीने टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी ती बाजारातून परतली, तर मृणाली दारातच म्हणाली, "आई, आज दोनदा बंद पडला."

"दोनदा? काल तर सुरळीत चालला होता."

"काय माहीत. दुपारी फार तापतो."

पुढचे काही दिवस असंच. सत्यवती घरात असली की लॅपटॉप गुणी बाळासारखा, ती बाजारात गेली की बंद. तिने डोकं खाजवलं. खिडकीला ओलं गोणपाट लावलं, टेबल पंखा त्याच्याकडे वळवला. "मेला मला बघून घाबरतोय की काय!" असं ती लॅपटॉपला ऐकवायची. पण परतल्यावर मृणालीचं तेच उत्तर.

शेवटी तिने जन्मभर जे केलं तेच केलं. मासा तापू लागला की त्याला बर्फ. बाजारातून थर्माकोलची पेटी भरून चुरा आणला. त्यावर परात, परातीत जाडजूड कोरडा टॉवेल, टॉवेलवर सुताराच्या पट्ट्या आणि त्यावर लॅपटॉप, असा थाट मांडला. मृणाली आंघोळीहून आली आणि दारातच ओरडली.

"आई! काय केलंत हे? पाणी गेलं आत तर संपलंच सगळं!"

"नाय जाणार. टॉवेल घातलाय ना. तू चालव तर खरी."

मृणालीने भीत भीत लॅपटॉप चालू केला. पडद्यावर समुद्र उसळला, बोटी धावल्या. सत्यवती पाटावर बसून बघत राहिली. पंखे घरघरले नाहीत. तिने पाठीमागे हात धरला, तर वारा कोमट. दुपार सरली, चहा झाला, तरी लॅपटॉप एकदाही थांबला नाही.

"बघ! सुरमईसारखा थंडगार!" सत्यवती आनंदाने ओरडली आणि तिने सुनेकडे पाहिलं.

मृणालीचा चेहरा पडला होता. क्षणभरच. लगेच तिने हसू आणलं आणि म्हणाली, "भारीच की आई. पण हे रोज नाही करता येणार. ओल धरली तर कायमचा जाईल."

ते खरंच होतं, आणि सत्यवतीने ते मानलंही. पण तो पडलेला चेहरा तिच्या मनातून जाईना. इतकी वर्षं पाटीपुढे बसून गिऱ्हाईकांची तोंडं वाचलेली बाई ती. मासा आवडला नाही हे गिऱ्हाईक बोलायच्या आधी तिला कळायचं. ह्या पोरीला मासा आवडला नव्हता. पण का? काम नीट झालं तर कुणाला वाईट वाटतं? रात्री जेवताना तिने दोनदा विचारायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भातच वाढला.

दुसऱ्या दिवशी बाजारात माल हातोहात गेला. सत्यवती लवकरची रिक्षा पकडून दुपारीच वाडीत उतरली. पुढचं दार उघडं होतं. तिने पाटी पायरीवर ठेवली, चपला काढल्या आणि आत हाक मारणार, एवढ्यात थांबली.

लॅपटॉप टेबलावर नव्हता. तो पलंगावर होता, दुहेरी घडी घातलेल्या गोधडीवर. मागच्या जाळीला उशी दाबून लावलेली. मृणाली शेजारी मांडी घालून बसली होती. एक हात उशीवर आणि नजर पडद्यावर. गेम ती खेळत नव्हती. तलवारवाली बाई एका जागी उभी होती. पंखे कोंडल्यासारखे गुरगुरत होते.

सत्यवती खांबाला टेकून बघत राहिली. तिला आधी काही उमगलंच नाही. मग पडदा काळा झाला. मृणालीने उशी काढली, लॅपटॉप उचलून टेबलावर पट्ट्यांवर नेऊन ठेवला, गोधडी झटकून घडी केली आणि फोन लावला.

"केतन, परत बंद पडला रे. नाही चालत इथे. आईंनी सगळं करून बघितलं... हो, तेसुद्धा... मी काय करू सांग ना."

फोन ठेवल्यावर तिने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला आणि गुडघ्यांत तोंड खुपसून बसली.

सत्यवती पाय न वाजवता मागे सरली. चपला हातात घेऊन सुरूच्या बनापर्यंत गेली. "सटवी! माझ्या डोळ्यांत धूळ फेकते! मी इथे बर्फ वाहते, वायरी ओढते, आणि ही उशी दाबते! नको होतं राहायला तर सांगायचं तोंडावर!" ती मोठ्याने बोलली. एक कुत्रं दचकून उठलं आणि लांब जाऊन बसलं.

सांगायचं, पण कसं सांगणार? सासूला एकटी टाकून निघाली, असं वाडी म्हणाली असती. अलोऱ्याची विहीणबाई तर लग्नातच सर्वांदेखत लेकीला म्हणाली होती, "सासूबाईंची सोबत सोडायचं नाव काढू नकोस हो." आणि सत्यवतीने तेव्हा खुशीने मान डोलावली होती.

ती वाळूत बसली. समोर लाटा येत-जात होत्या. गंगाराम रोज ह्याच पाण्यात जायचा. उशीर झाला की ती किनाऱ्यावर येऊन उभी राहायची, दहा देवांना नवस बोलायची, आणि तो आला की त्याला शिव्या घालायची. पण तो यायचा. लग्नानंतर पंधरा दिवससुद्धा ती त्याच्याशिवाय झोपली नव्हती. आणि ह्या पोरीचा नवरा मे महिन्यात गेला, तो गणपतीत पाहुण्यासारखा येऊन गेला. त्यातही अर्धा वेळ आरत्यांत. सासू बोलकी असली, लाडाची असली, म्हणून काय झालं? सासू म्हणजे नवरा नव्हे.

तिला घरातला आवाज आठवला. पंख्यांची घरघर, मृणालीचं हसणं, "आई, हे बघा" म्हणून मारलेली हाक. ह्या पाच महिन्यांत घराला घरपण आलं होतं. पदराने डोळे पुसत ती बराच वेळ तिथेच बसून राहिली.

परतताना तिने पायरीवरची पाटी मुद्दाम खणकन आपटली.

"आले गो, चहा टाक! उन्हाने जीव गेला."

मृणाली लगबगीने बाहेर आली. डोळे लाल होते. "आई, आज पण—"

"बंद पडला?"

"हो."

"पडणारच," सत्यवती म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

चहा होतो न होतो तोच केतनचा फोन आला. ह्या वेळी आईच्या फोनवर. मृणाली आतल्या दाराशी कप घेऊन उभी राहिली.

"आई, तू खरं सांग. ऋत्विकला आज हो-नाही कळवायचंय. मृणाली म्हणते चालतच नाही. पण तू तर परवा म्हणालीस, फ्रीजरची लाईन वेगळी केल्यावर झकास चालला. मी एक चांगला कूलिंग पॅड बघून ठेवलाय, पंखेवाला. तो पाठवू का? आणि एक इन्व्हर्टर घेऊ. मग तरी जमेल ना?"

सत्यवतीने चहाचा घोट घेतला. जमलं असतं. पॅडशिवायही जमलं असतं.

"काय नको पाठवू," ती म्हणाली. "माझे सगळे उपाय झाले बाबा. बर्फावर पण ठेवून बघितला. इथल्या हवेला खारट ओल, लाईटीचा भरवसा नाय. पोरगी रोज रडकुंडीला येते. तिची नोकरी घालवशील. खोली घे."

"पण तू एकटी—"

"एकटी कशी? गोदा शेजारी नाय काय? बाजार नाय? सगळी वाडी ओस पडलीय काय रे? दिवाळीला ये आणि घेऊन जा बायकोला. आणि ऐक, त्या खोलीत खिडकी हाय ना नीट? वारा लागला पाहिजे तिला."

"लॅपटॉपला?"

"तुझ्या बायकोला, मेल्या!"

तिने फोन ठेवला. दाराशी मृणाली तशीच उभी होती. कप हातात वाकडा झाला होता, चहा बशीत सांडत होता.

"आई..." ती म्हणाली.

सत्यवतीने आपला कप खाली ठेवला. उठून टेबलापाशी गेली, लॅपटॉप दोन्ही पट्ट्यांवर नीट बसलाय ना ते पाहिलं आणि खुर्ची मागे ओढून सुनेकडे वळली.

"ये. बस आता कामाला. दिवाळीपर्यंत तरी बिघडू देऊ नको त्याला."

मृणालीने खाली मान घालून लॅपटॉप चालू केला. सत्यवती पाट ओढून शेजारी बसली. तिन्हीसांज झाली, दिवे लागले, शेजारून गोदा हाक मारून गेली, तरी तो एकदाही बंद पडला नाही.