मैलांचा भात

मी मैल जमवणारं एक निळं कार्ड बोलतोय. ओकबुनबाईंच्या पाकिटात, सुक्या माशांच्या वासात, माझी दहा वर्षं गेली. आता माझा निळा रंगही विटलाय.

बाईंचं कोरियातल्या मोकपोच्या बाजारात सुक्या माशांचं दुकान. थोरली बहीण मालसुन तरुणपणी नर्स म्हणून जर्मनीला गेली, ती तिकडचीच झाली. तिला एकदा भेटायचं म्हणून बाईंनी बँकेतून मला आणलं. माझ्यावर खर्च केला की विमान कंपनी मैल देणार, आणि सत्तर हजार मैल झाले की जाऊन-येऊन तिकीट फुकट!

मग काय, बाजारातल्या बायका जेवायला गेल्या की बिलावर पहिली झडप बाईंची. "पैसे माझ्या हातात द्या गं, कार्ड माझं चालवते." शेजारच्या कालवंवालीच्या नवऱ्याची कवळीसुद्धा माझ्यावरच घेतली. ती हसायची, "या बयेला जेवणापेक्षा मैल गोड लागतात!"

मला आतलं गुपित ठाऊक होतं. विमानं उडवून कंपनीच्या हाती फारसं लागत नव्हतं. आम्हा कार्डांवरच तिची चूल पेटत होती. मैल ती बँकांना आज रोखीत विकायची, खुर्ची मात्र पुढे कधीतरी द्यायची. अशी वचनं इतकी साचली, की सगळे एकदम मागायला आले असते तर तिचं दिवाळंच निघालं असतं. म्हणून लोकांचे मैल भरत आले की ती तिकिटाचा भाव वाढवायची.

बाईंचे सत्तर हजार झाले, तर तिकीट नव्वदवर गेलं.

"ताई, अजून थोडी कळ काढ," बाई फोनवर म्हणाल्या.

"ये गं सावकाश. मी कुठं पळून चाललेय?"

नव्वदही झाले. पण मैलांवर मिळणाऱ्या खुर्च्या मोजक्या, त्या कधी रिकाम्या सापडेनात. असंच वर्ष गेलं, आणि एका सकाळी मालसुनताई गेल्याचा फोन आला.

बाईंनी लगेच कंपनीला फोन लावला. "उद्याचं तिकीट द्या हो. मैल आहेत माझ्याकडे."

"मॅडम, मैलांवरची जागा थेट ऑक्टोबरात आहे."

"ऑक्टोबरात कुणाला भेटू, पोरी?"

राखेच्या भेटीला जायचं नाही, असं बाईंनी ठरवलं. तेवढ्यात मैलांची मुदतही सरत आली. कंपनीच्या दुकानात त्या मैलांवर तांदूळ मिळत होता. बाईंनी पोतं मागवलं.

आज ताईंचं वर्षश्राद्ध. बाईंनी त्याच तांदळाचा भात फोटोपुढे मांडला आणि गेलेल्यांना वाढतात तसा त्यात चमचा उभा रोवला. "जेव, ताई," म्हणाल्या, आणि रडल्या.

मी नसतो तर त्यांनी पैसे साठवून केव्हाच बहिणीला गाठलं असतं. माझ्या भरवशावर त्या थांबल्या. डोळे पुसून, मला पाकिटातून बाहेर काढून त्या आता मासे कापायची कात्री शोधताहेत. बाई, ती मोरीजवळच्या खिळ्याला आहे. घ्या ना लवकर.