बासष्ट मीटर

शिरूरच्या त्या व्यायामाच्या दवाखान्यात मी चपला न काढताच शिरले.

"माझ्या पोराला पट्ट्यावर कुणी पळवलं? पुढं या!"

माझा नवनाथ बेचाळीस वर्षांचा. दिवाळीत त्याला अटॅक आला, पुण्यात स्प्रिंग बसवली, आन् त्यावर इथं बारा आठवड्यांचा चालायचा व्यायाम लावून दिला. दर सोमवारी यायचं, मधे फोनवर चौकशी. सहाव्या सोमवारी फिरत्या पट्ट्यावर त्याला भोवळ आली. निमोण्याला घरी आणला तर ओठ पांढरेफटक. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी एसटी धरली.

व्यायाम घेणारी अक्षदा नावाची पोर उठून उभी राहिली. "आजी, बसा ना."

"सोयरीक जमवाया आले न्हाई मी बसायला. बैल हाय का त्यो, असा पळवायला?"

"नोंद बघूनच वेग वाढवला, आजी." तिनं तक्ता पुढं सरकवला. "घरी रोजचं चालणं, तिसऱ्या आठवड्यात एक किलोमीटर. चौथ्यात दोन. पाचव्यात तीन, धाप लागत नाही. घरच्यांनीच सांगितलंय फोनवर."

"कुणी सांगितलं? मुडदा बशिवला त्याचा!"

"आईचं नाव आहे. धुरपदाबाई."

धुरपदाबाई म्हंजी मीच.

फोन मीच घ्यायचे. सोमवार सोडला तर नवनाथ खाटेवरून उठत नव्हता. पुन्हा कळ येईल म्हणून छातीवर हात ठेवून बसायचा. पण फोन वाजायचा तवा ओट्यावर दोन्ही जावा बसलेल्या. त्यांच्यादेखत सांगू, की माझं पोर चार पावलांत बसतं? मी ठसक्यात म्हणायचे, वाघावानी चालतोय. किलोमीटरसुद्धा मीच वाढवत गेले.

"मग त्यो का बोलला न्हाई तुमाला?"

"मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, आई सांगती ते बरोबरच असंल."

तरी आवाज उतरू दिला न्हाई मी.

"खोड त्ये सगळं."

"खोडता येत नाही. खाली नवीन लिहिते, सांगा."

"मी सांगणार न्हाई आन् मला पुन्हा इचारायचं बी न्हाई! खुर्चीत बसून फोनवर काळीज कळतं व्हय गं? आई खोटं बोलंल, बायको खोटं बोलंल. तुझी शिकल्याली अक्कल कुठं गेलती? घरी ये. चालीव त्याला आन् मोज."

ती चिडली न्हाई. "चुकलंच आमचं, आजी. मोजायला हवं होतं," म्हणाली. त्यानं मला जास्तच राग आला. कुणावर, ते माझं मला ठाऊक.

गुरुवारी ती टेप घेऊन आली. नवनाथ अंगणातून निघाला, गोठा ओलांडला, हौदाच्या कठड्याला धरून खाली बसला. सून पूनम धावली. अक्षदानं नाडी बघितली, हळूच म्हणाली, "बासष्ट मीटर."

ओट्यावर जावा कान टवकारून बसल्या होत्या.

"मोठ्यानं सांग," मी म्हणाले. "त्यांना बी ऐकू जाऊ दे."