मापावरची मूठ

एकाच पोत्यातला कोळसा, एकच भट्टी, तोच कॉस्टिक सोडा, हात माझेच. आणि वीज साठवायच्या माझ्या तीन सेलांपैकी पहिला वाघ, बाकीचे दोन मढी. शुक्रवारी तिन्ही सारखे चालले नाहीत तर विद्यापीठ माझी भट्टी दुसऱ्या विभागाला देणार होतं. चार वर्षांच्या कामाचं वाटोळं!

मंगळवारी चाकोच्या रानातल्या धुळीत सहा तास गाडी हाणली आणि कोळसेवाल्या तेओफिलोकाकांचं अंगण गाठलं.

"काका, पोत्यात केब्राचोच्या लाकडाचाच कोळसा होता ना?"

"म्हणजे काय! निव्वळ केब्राचो." त्यांनी गार तेरेरेचा पेला पुढे केला. "वर तेवढी यापा घातली होती."

मी कपाळावर हात मारला. मापावर फुकटची मूठ न घालणारा दुकानदार आमच्याकडे कंजूष ठरतो; माझी आई तर यापाशिवाय कांदेही घेत नाही. आणि मला, शिकलेल्या गाढवीला, पोत्याच्या तोंडाशी काय असणार हे सुचू नये? पहिला सेल मी वरच्याच कोळशाचा केला होता.

"कसली होती यापा?"

"अल्गारोबोच्या मुळांची. आठ दिवस धुमसत ठेवलेली. फुकट द्यायचं ते चांगलंच द्यावं."

"त्यातला तीन किलो कोळसा द्या. म्हणाल तो भाव."

काका दुखावले. "यापा कुणी विकतं का? उद्या आशीर्वादाचंही बिल मागशील!"

"अहो, माझी भट्टी हातची चाललीय!"

"आणि माझी अब्रू? केब्राचो घे, वर मूठ घालतो."

मी त्यांच्या पंजाकडे बघून हिशेब केला. "मग पंधरा पोती काढा."

काका खूश झाले. "एवढ्या मालावर मूठ शोभत नाही, पोरी. एक अख्खं पोतं यापा!" आणि केब्राचोचंच सोळावं पोतं त्यांनी ओढून आणलं.

मला रडू यायचं बाकी होतं. "ठेवा ते सगळं. एकच द्या."

एक घेतलं, पैसे दिले, मूठ पिशवीत टाकली. गाडीपर्यंत गेले, परत आले.

"काका, एक पोतं द्या."

ते माझ्याकडे बघत राहिले, पण मूठ घातली. तिसऱ्यांदा गेले, चौथ्यांदा गेले. घामानं सदरा पाठीला चिकटला, तोंडात येत होत्या त्या शिव्या मी गिळत होते. सातव्यांदा काका हसले.

"आता तू नेहमीचं गिऱ्हाईक झालीस," ते म्हणाले आणि दोन मुठी घातल्या.